पहिल्या नावाची मूठ

श्रावणातल्या त्या शनिवारी सकाळी, जळगावात आपल्या भाड्याच्या खोलीत दात घासता घासता, अमृतने भागाबाई काकूचा बेपत्ता मुलगा परत आणला.

हाताने त्याने त्या वेळी काहीच केलं नाही. जे करायचं ते आधीच्या आठवड्यात करून, तपासून, स्वतःवर खूश होऊन झालं होतं. आता फक्त वेळ झाली आणि त्याच्या प्रोग्रामने ठरल्याप्रमाणे भाऊबंदांच्या ग्रुपवर यादी टाकली. पारोळ्याला कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे श्रावणातल्या कुळाच्या जेवणासाठी, कोण येतंय, कुठून येतंय, आणायला कुठली गाडी जातेय. यादीत पहिलंच नाव होतं नवलचं. आणि त्या नावापुढे लिहिलं होतं : 'भुसावळ स्टेशन. नागपूरची सकाळची गाडी. न्यायला बादलची जीप.'

नवल म्हणजे भागाबाईचा एकुलता एक. सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला म्हणून गेला, वर्षभर फोन करत होता, मग फोन लागेनासा झाला. कारखान्यात चौकशी केली तर 'तो केव्हाच सोडून गेला' म्हणाले. पोलिसात दिलं, पेपरात फोटो दिला, सुरतेच्या गल्ल्या पायाखाली घातल्या, नवस बोलून झाले. त्याला किती वर्षं झाली असं विचारलं तर त्याची आई झालेल्या कानबाया बोटांवर मोजून सांगते, आणि त्याची बायको, दिपमाला, विषय बदलते.

यादी पडली तसे ग्रुपवर रोज फुलं आणि सुविचार टाकणारे हात क्षणभर थांबले. मग नुसते जोडलेले हातच हात. 'जय कानबाई माता.' 'आईने ऐकलं.' हीच बातमी धुळ्याच्या प्रेमराजने दिली असती तर चार जणांनी त्याला आधी 'काल कोणासोबत बसला होता' असं विचारलं असतं. पण इथे मशीन सांगत होतं. मशीन कशाला खोटं बोलेल? त्याची काय भाऊबंदकी आहे?

अमृतचा फोन वाजला तेव्हा त्याच्या तोंडात फेस होता.

"भाऊ," दिपमाला वहिनींचा आवाज. "हे तुम्ही टाकलंय?"

"काय?"

"ह्यांचं."

अमृतने चूळ भरली आणि यादी उघडली. पहिलं नाव वाचून त्याच्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला बोला, तो खरोखर खूश झाला. मग नजर खाली घसरली. मगन काकांच्या पुढे 'धुळे बसस्टँड'. मगन काका राहतात नागपूरला. प्रेमराजच्या पुढे 'येत नाही, गुडघा'. प्रेमराजचा गुडघा असा, की कोणाचीही वरात निघाली तरी बँडच्या पुढे तोच. गुडघा होता यादीतल्या त्याच्या पुढच्या नावाचा, वनाचा. आणि वनाच्या पुढे लिहिलं होतं, 'मोटरसायकलने येतो, तीन जण आहोत.'

ब्रश बेसिनमध्ये पडला.

"वहिनी, थांबा. काकूला इतक्यात काही सांगू नका."

"आई गेल्या."

"कुठे?"

"भुसावळला. बादल जीप घेऊन दारात आला, तर त्यालाच ओरडल्या, आठे काय बठी ऱ्हायना, चाल! डबा घेतला आणि बसल्या पुढच्या सीटवर."

"आणि तुम्ही?"

"ते येत असतील तर पारोळ्याचा रस्ता त्यांना माहीत आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

अमृतने बादलला फोन लावला. लावत राहिला. गाडी चालवताना फोन न उचलणारा असा एकच ड्रायव्हर अख्ख्या खानदेशात असेल, आणि त्याला ही शिस्त गेल्या दिवाळीत घसा कोरडा करून लावली होती ती खुद्द अमृतने. शेवटी, जीप जळगाव ओलांडून गेली असेल इतका वेळ गेल्यावर, त्याने पँट चढवली, मोटरसायकल काढली आणि भुसावळचा रस्ता धरला.

गाडीवर एकटा माणूस असला की स्वतःला शिव्या घालायला भरपूर वेळ मिळतो. नशिराबाद येईपर्यंत अमृतच्या घालून झाल्या, आणि मग चूक नेमकी कुठे झाली ते त्याला स्वच्छ दिसायला लागलं.

दर वर्षी रोटाच्या आधी त्याचे वडील, तोताराम आबा, सगळ्या भाऊबंदांना एकेक फोन करत. कानबाईच्या रोटाचं धान्य काढताना कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची, आणि रोट खायला त्या सगळ्यांनी यायचं, ही रीत. पण आबांचा फोन म्हणजे साधा फोन नसे. 'येतोस का' इतकं विचारायच्या आधी पाऊस, कपाशी, सुनेची तब्येत आणि शेजारच्याची सोयरीक. शेवटच्या घरापर्यंत आबा पोचत तोवर पहिल्या घराचा बेत बदललेला असे. अमृत म्हणाला, आबा, एका हाकेत होईल हे.

जळगावात एका फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून तो केळीच्या ट्रकांचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम चालवायचा. कुठला ट्रक या घडीला कुठे आहे ते मालकाला पडद्यावर दिसायचं. ही माहिती कपाटात, म्हणजे डिस्कवर, ठेवली तर शोधायला वेळ लागतो, म्हणून ती मशीनच्या नुसत्या स्मरणात ठेवायची. नाव सांगा, उत्तर घ्या. तोंडपाठ. रोटासाठी भाऊबंदांनी फोनवरून कळवलेली उत्तरंही त्याने तशीच ठेवली.

"आणि वीज गेली तर?" आबांनी विचारलं होतं.

"विसरतं. म्हणून मी अधूनमधून बाजूला उतरवून ठेवतो."

"म्हणजे मगनसारखंच की. त्यालाबी अधूनमधून उतरवावं लागतं, नाहीतर पुढच्या स्टेशनाला जातो."

या तोंडपाठवाल्याची खरी गंमत अशी, की त्याच्याकडे एकेका नावासाठी खेप घालावी लागत नाही. मीठ आणायला एकदा, गूळ आणायला परत एकदा, असं वाण्याकडे कोण जातं? एकदाच सगळी नावं सांगायची. उत्तरंही सगळी एकदम येतात, आणि ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने येतात. एखाद्याचं उत्तर नसेलच, तर तो तिथे रिकामी जागा सोडतो आणि पुढे जातो. कोणाला सरकवत नाही.

सरकवलं ते अमृतने.

ट्रकांच्या कामात ज्या गाडीचा पत्ता नाही ती पडद्यावरून काढून टाकायची असा मालकाचा हुकूम होता. रिकामं दिसलं की त्याला धडधडायचं. पण ती सवय नंतरची. आधीची सवय घरातली होती. तोताराम आबा म्हणजे पारोळ्यातल्या लग्नाकार्यातला पंगतीचा माणूस. पंगतीत मधे एक पान रिकामं दिसलं की आबा खांद्यावरचा रुमाल हलवत पळत यायचे. "सरका, सरका! मधलं पान खाली नको! वाढनाराना हात अडखळस!" पंगतीत खिंडार म्हणजे आबांच्या मते अपशकून. अमृतचं अर्धं लहानपण असं सरकण्यात गेलं होतं. जिलबी येईपर्यंत तो कधी बसला त्या जागी राहिलाच नाही.

तर प्रोग्राम करून बघताना पहिल्याच जागी रिकामं आलं, ते त्याच्या डोळ्याला खुपलं आणि त्याने विचारही न करता एक ओळ लिहिली. रिकामं काढा, बाकीचे पुढे सरका. उत्तरं सरकली. नावं मात्र आपापल्या जागी बसून राहिली. आणि रिकामं पान पहिलंच असल्याने या घोटाळ्यातून कुळातला एकही माणूस सुटला नाही.

पहिलं पान नवलचं का, तर तेही काकूचंच काम. अमृत नावं भरत होता तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली होती.

"पहिलं नाव कोनं टाकी ऱ्हायना रे?"

"मगन काकांचं."

"मगन पहिला? मगनले मी कडेवर खेळाडेल शे! मोठं घर आमनं शे. पहिलं नवलनं टाक."

त्याने टाकलं. म्हातारीच्या मनासारखं होतंय, होऊ दे, आपलं काय जातं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

भागाबाई मूळची पहूरची. लग्न होऊन पारोळ्यात आली तेव्हा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आणि घरात दोन लहान दीर, मगन आणि तोताराम. नवरा लवकर गेला. तिने बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, लाटल्या, लोकांच्या गच्च्यांवर वाळत घातल्या, आणि त्या गच्च्यांवरूनच आख्ख्या गल्लीवर राज्य केलं. तिचा आवाज किल्ल्याच्या खंदकापलीकडे जातो असं तिचे हितशत्रूही मान्य करतात. संध्याकाळी ती ओट्यावर उभी राहायची आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना एका दमात हाक मारायची. एकेकाला हाक मारून वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. सगळी नावं एकदम, मधे श्वास नाही, आणि मग आत जाऊन ताटं. जो येईल तो आपल्या ताटावर बसे. जो आला नाही त्याचं ताट दुसऱ्या ताटाने झाकून तिथेच राही, आणि त्या जागी कोणी बसायला गेलं तर पाठीत धपाटा मिळे. अमृतने तो खाल्ला होता. इतका खाऊनही प्रोग्राम लिहिताना आठवला तो आबांचा रुमालच.

भुसावळला तो पोचला तेव्हा गाडीची घोषणा चालली होती.

काकू बाकावर बसली होती. अंगावर ठेवणीतलं हिरवं पातळ, मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. बादल शेजारी हाताची घडी घालून असा उभा, जणू वऱ्हाड त्यानेच जमवलं होतं.

"तू बी उना?" काकू म्हणाली. "बरं झायं. तू वळखशी त्याले. मन्हा डोळास्ले बरोबर दिखत नही."

अमृतच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. रस्ताभर त्याने ते घोकलं होतं. पण आता ते सुरू कुठून करायचं तेच कळेना. 'काकू, नवलभाऊ येत नाहीये' असं, की 'काकू, मगन काका येताहेत' असं? दुसरं सोपं होतं. त्याने दुसरं निवडलं.

"काकू, या गाडीने मगन काका येताहेत."

"येऊ दे ना," काकू म्हणाली. "जीपमां जागा शे."

आणि गाडी आली.

मगन काकांची सगळी नोकरी रेल्वेत, तीही भुसावळात. आता ते मुलाकडे नागपूरला असतात, पण पारोळ्याला यायचं तर भुसावळलाच उतरतात. भुसावळ सोडून जळगावला उतरणं म्हणजे त्यांच्या मते माहेर ओलांडून सासरी जाणं. गाडी पुरती थांबायच्या आत ते पिशवीसकट खाली आले, आणि समोर वहिनी पाहून तिथेच उभे राहिले.

"वहिनी! तू उनी? मले घ्याले?"

जन्मात त्यांना स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नव्हतं. ज्याची नोकरीच स्टेशनवर, त्याला घ्यायला कोण येणार? त्यांचे डोळे भरून आले. ते वाकून पाया पडले. काकूने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होती ती त्यांच्या खांद्यावरून डब्याच्या दाराकडे. एक बाई उतरली, तिची पोरं उतरली, एक फौजी उतरला. चहावाला चढला आणि उतरला. मग दारात कोणी राहिलं नाही.

काकूने गाडीकडे बघायचं सोडून अमृतकडे बघितलं.

"हाऊ ते मगन शे."

"हो काकू."

"नवल?"

"काकू, चूक झाली. मशीनची नाही, माझी. मगन काकांचं उत्तर मी नवलभाऊच्या नावापुढे सरकवलं. नवलभाऊचं उत्तर आलंच नव्हतं."

गाडी हलली. मग तिने असं विचारलं, की जणू बिबड्यांचं पीठ किती आंबलं ते बघतेय.

"म्हंजे मी येस, आसं त्यानी सांगं नही?"

"नाही."

"आनि मी येत नही, आसं?"

"तेही नाही. काहीच नाही सांगितलं."

"हां," काकू म्हणाली आणि उठली.

मगन काकांना यातलं काही कळलं नव्हतं. प्रवासाने त्यांना भूक लागली होती आणि डब्यातून उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास सुटला होता. "वहिनी," ते लाडात येऊन म्हणाले, "काय आनं शे मन्हासाठे?"

"हाई नवलनं शे," काकू म्हणाली. "तू वडा खाय."

जीप पारोळ्याकडे निघाली. मागून मोटरसायकलवर अमृत. त्याचा फोन खिशात एकसारखा थरथरत होता. तिकडे धुळ्याच्या बसस्टँडवर मगन काकांना आणायला गेलेला ड्रायव्हर पुठ्ठ्यावर 'मगन काका' लिहून उभा होता. त्याच्याच शेजारी प्रेमराज आपली गाडी का येत नाही म्हणून घड्याळ बघत उभा होता. प्रेमराजने तो पुठ्ठा वाचला, 'आमचे पण एक मगन काका आहेत, नागपूरला असतात,' असं ड्रायव्हरला सांगितलं, दोघांनी चहा घेतला आणि दोघे परत शेजारी शेजारी वाट बघत उभे राहिले. शेवटी दोघांनी एकाच माणसाला, म्हणजे अमृतला, एकदमच फोन लावला. एरवी अमृत यावर महिनाभर हसला असता.

दुपारी आबांच्या ओसरीत मंडळी बसली. चौरंग धुऊन वाळत घातला होता, धान्य निवडून सुपात होतं. अमृतने उभं राहून सगळं सांगितलं. रिकामी जागा कशी आली, आपण ती कशी काढली, उत्तरं कशी सरकली. त्याला वाटलं होतं आबा चिडतील. आबा चिडले नाहीत. त्यांनी रुमाल खांद्यावरून काढून मांडीवर घडी केला.

"तू रिकामं काढं म्हनीसन नही झायं हाई," आबा म्हणाले. "नाव ठेवं म्हनीसन झायं. ते नावच काढी टाक."

"मशीनमधून?"

"मशीनमधून. मंग रोटमधूनबी..." आबांनी हवेत हात फिरवला. "आपोआप."

तो 'आपोआप' ओसरीभर फिरून आला आणि कोणी त्याला अडवलं नाही. उलट सगळ्यांचे खांदे जरा सैल झाल्यासारखे वाटले. इतकी वर्षं दर श्रावणात पहिली मूठ नवलच्या नावाची पडायची आणि प्रत्येक जण सुपाकडे न बघता दुसरीकडे बघायचा. 'पुरे आता' असं कोणाला तरी म्हणावं लागणार होतं, आणि त्याच्या आईसमोर ते म्हणणार कोण? आता कोणीच म्हणायची गरज नव्हती. मशीन म्हणेल.

"आज तिचा चेहरा मी बघितला रे," मगन काका म्हणाले. आता त्यांना सगळं कळलं होतं, आणि पोटातला वडा त्यांना पचत नव्हता. "माझ्या पाया पडण्याकडे लक्षसुद्धा नव्हतं तिचं. असं परत नको व्हायला."

"आणि दिपमाला वहिनीचं बघा," प्रेमराज म्हणाला. "तिचे भाऊ तिच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला येऊन गेले. मूठ पडतेय तोवर ती पोर अडकलेली. कोणाच्या नावाने? ज्याचा पत्ता नाही त्याच्या."

कोणीही वाईट बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. अमृत पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला.

दिपमाला वहिनी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्या अंगणवाडीत सेविका आहेत. पन्नास पोरं एकदम रडली तरी त्यांचा आवाज चढत नाही असं पारोळ्यात म्हणतात. बाजूला पातेल्यात तुरीची डाळ भिजून टम्म फुगली होती. फुनक्यांना, म्हणजे डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांना, भिजवतात तशी. आज घरात फुनके होणार नव्हते, स्वयंपाक रोटाचा होता. फुनके कोणाला आवडायचे ते अमृतला माहीत होतं.

"ही डाळ कशाला?" तरी त्याने विचारलं. चुकायचा दिवसच होता तो.

"डाळ आहे," वहिनी म्हणाल्या. "भिजत घालतात." मग मागे न वळता म्हणाल्या, "ठरलं का?"

"काय?"

"भिंत इकडची तिकडची एकच आहे, भाऊ. सगळं ऐकू येतं."

"ते तुमच्या भल्याचंच बोलताहेत, वहिनी."

"असेल. बायांच्या नावाची मूठ नसते, भाऊ. त्यामुळे मी आहे की नाही हे कधी कोणाला विचारावं लागलं नाही. मी असतेच. धान्य निवडायला असते, दळायला असते. माझं भलं एकदा मलाच विचारून करा म्हणावं."

"मग ठेवायचं का नाव?"

"ठेवा म्हणाले का मी?"

"मग काढायचं?"

"काढा म्हणाले?" वहिनींनी डाळीतलं पाणी निथळलं. "तोंडाने म्हणा म्हणते. ठेवायचं तर ठेवतो म्हणा, काढायचं तर काढतो म्हणा. मी ऐकेन. काय वाटायचं ते मला वाटेल, मी बघेन माझं. पण मशीनच्या आडून नको. सकाळी त्या मशीनने मला नवरा दिला आणि चहा व्हायच्या आत परत नेला. दुपारी परत तेच मशीन?"

अमृतने न प्यायलेला पाण्याचा तांब्या घेतला आणि तो तसाच बाहेर आला.

धान्य काढायची वेळ झाली. मान आबांचा. ते नाव घेणार आणि सून मूठ भरून पाटीत टाकणार. दिपमाला वहिनी हात धुऊन सुपापाशी येऊन बसल्या. भागाबाई उंबऱ्याशी खांबाला टेकून बसली होती. भुसावळहून आल्यापासून ती बोलली नव्हती. ज्या बाईचा आवाज खंदक ओलांडतो ती गप्प बसली की घरालाही कसंसंच होतं. कोणीतरी उगाच खोकलं.

आबांनी कानबाईचं नाव घेतलं, हात जोडले, घसा साफ केला.

"मगन," आबा म्हणाले.

वहिनींची मूठ सुपात होती. ती वर आली नाही.

"मगन," आबा परत म्हणाले, जरा मोठ्याने.

"आबा, पहिलं नाव?" वहिनींनी विचारलं.

आवाज अंगणवाडीतलाच, एकाच पट्टीतला. ओसरीतले सगळे एकदम वाळत घातलेल्या चौरंगाकडे बघायला लागले.

"बेटा, ते आता..." आबांनी अमृतकडे बघितलं. "मशीनमधी..."

"मशीनमध्ये नाव आहे, आबा," अमृत म्हणाला. "अजून काढलेलं नाही. काढायचं असेल तर तुम्ही सांगा, मी काढतो. पण सांगायला तुम्हालाच लागेल."

वडिलांशी असं तो जन्मात बोलला नव्हता.

आबांनी तोंड उघडलं. हा माणूस हजार हजाराच्या पंगतीत आमदाराच्या पाहुण्यालाही 'सरका' म्हणताना कधी अडखळला नव्हता. त्याला फक्त इतकंच म्हणायचं होतं, की नवलची मूठ या वर्षीपासून नाही. मगन काका खाली बघत होते. प्रेमराज, जो मघाशी इतकं मुद्देसूद बोलला होता, तो स्वतःचा चांगला असलेला गुडघा चोळत होता. काकू कोणाकडेच बघत नव्हती. तिच्या मांडीवर तो डबा अजून तसाच होता, न उघडलेला.

आबांनी रुमालाने कपाळ पुसलं, मग डोळे पुसले, मग उगाच मानही पुसली.

"नवल," आबा म्हणाले. आवाज हळू, पण ऐकू आला.

वहिनींची मूठ वर आली. गहू पाटीत पडले. नवऱ्याच्या नावाची मूठ टाकताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता असं म्हणवत नाही. सुटकाही नव्हती. एक काम हातून झालं, इतकंच दिसलं. पाव मूठ राहिली होती, ती टाकायला त्यांचा हात परत सुपाकडे गेला, आणि तेवढ्यात उंबऱ्याकडून दुपारभरातलं पहिलं वाक्य आलं.

"सव्वा म्हनतस त्याले. चिमूट नको टाकू, हात भरीसन घे."

"मगन," आबा म्हणाले, आणि बाकीची नावं आपापल्या जागी पडत गेली.

उन्हं कलल्यावर अमृत ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला. सरकवणारी ओळ काढली. रिकामं आलं तर रिकामंच दाखवायचं, त्याच जागी, असं लिहिलं. मग सगळी नावं एकदम विचारून बघितली. उत्तरं आली. मगन काका भुसावळला, प्रेमराज धुळ्याला, वनाचा गुडघा वनाकडे. सगळ्यात वर नवल, आणि त्याच्या पुढे पांढरी जागा. ती ओळ बाकीच्या ओळींपेक्षा जास्त लांब दिसत होती.

काकू येऊन शेजारी बसली. तिने डबा उघडला, वाळलेल्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा घातला आणि अमृतच्या हातात दिला. त्याने तो खाल्ला. कडक होता.

"काकू," तो म्हणाला, "नीट केलं मी सगळं. सकाळसारखं परत होणार नाही. पण आता दर वर्षी नवलभाऊच्या नावापुढे असं रिकामं दिसेल. सगळ्यांना. तुलापण." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिला तो वाचता येत नव्हता, तरी तिने वाकून बघितलं. "तुला त्रास होत असेल तर नाव नुसतं रोटात ठेवू. मशीनला मी त्याचं विचारायलाच लावत नाही. उत्तर काही यायचं नाही, काकू. विचारू, का राहू दे?"

काकूने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"तुन्हं काय जास रे? ईचारत ऱ्हाय."